रात्री आठचा फोन



गेल्या वर्षीच्या अंकात याच पानावर मी मिनेसोटाच्या थंडीत कढीपत्ता कसा जगवायचा, याबद्दल मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. थंडी पडायच्या आत कुंडी घरात घ्या, हिवाळ्यात पाणी बेतानं घाला, पॅटिओच्या काचेपासून दोन हात लांब ठेवा, वगैरे वगैरे. त्यावर तुमचे पुष्कळ फोन आले. एका काकांनी तर तो लेख कापून फ्रिजवर लावल्याचं सांगितलं. त्या काकांची आधी माफी मागते, कारण आज एक कबुली द्यायची आहे. माझा तो कढीपत्ता, अकरा वर्षांचा, माझ्या खांद्याएवढा, यंदाच्या जानेवारीत मेला. आणि तो मीच मारला.

झालं असं, की कुंडी टीव्हीच्या थोडी आड येत होती. सोफ्यावर आडवं पडलं की स्क्रीनचा एक कोपरा फांदीमागे जायचा. म्हणून मी ती सरकवत सरकवत पार काचेला टेकवली. मग सुट्टीच्या दिवशी बाहेरच्या बर्फावरचा उजेड टीव्हीवर पडायला लागला, म्हणून जाड पडदा ओढून घेतला. झाड पडद्यापलीकडे, गोठलेल्या काचेला चिकटून. मी अलीकडे, पांघरुणात. तीन आठवड्यांनी पडदा उघडला तेव्हा काळ्या काड्या उभ्या होत्या आणि खाली पाचोळा. तुम्हाला ‘काचेपासून लांब ठेवा’ म्हणून सांगणाऱ्या बाईनं हे केलं. ते तीन आठवडे मी काय करत होते, ते सांगायला यंदाचं हे पान.

मी मालिका पाहत होते. एक भाग, मग दुसरा, मग तिसरा. याला इंग्रजीत ‘बिंज-वॉचिंग’ म्हणतात, हे आता आजी-आजोबांनाही माहीत आहे. २०१५ साली कॉलिन्स डिक्शनरीने हाच वर्षाचा शब्द म्हणून निवडला होता. आपल्याकडे त्याला वेगळा शब्द करायची गरज नाही. ताटातल्या जिलब्यांचा पाडतात तसा फडशा पाडणं, एवढं म्हटलं की समजतं. जिलब्यांना निदान पोट ‘पुरे’ म्हणतं.

पण त्याआधी आईबद्दल सांगायला हवं.

बाबा गेल्यापासून, म्हणजे नऊ वर्षं, रोज रात्री आठला मी पुण्याला आईला फोन करायचे. आमचे रात्रीचे आठ म्हणजे हिवाळ्यात तिचे सकाळचे साडेसात, तिचा दुसरा चहा. मार्चमध्ये इथलं घड्याळ तासभर पुढे गेलं की तिचे साडेसहाच व्हायचे. ‘तुमच्या सरकारला घड्याळाशी खेळायचा भारी नाद,’ असं म्हणत ती बिचारी तासभर लवकर चहा टाकायची. बोलणं काय असायचं? काही नाही. दूधवाल्यानं आज पिशवी कमी टाकली. गॅलरीतल्या जास्वंदीला मावा पडला. शेजारच्या काकूंचा गुडघा. आणि रोज एक प्रश्न, ‘अगं, जेवलीस का? काय केलं होतंस?’ मी पोळी-भाजी म्हटलं की ‘भाजी कुठली?’ हा पुढचा प्रश्न.

गेल्या दिवाळीनंतर तीन आठवड्यांनी आई झोपेतच गेली. मी पोचेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. इथे राहणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी ते विमान पकडलं आहे, हे मी सांगायला नको. दिवस होईपर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. रडायलाही सोबत होती. तेराव्यानंतर चार दिवसांनी मी परतले. डिसेंबरचा मध्य, साडेचारला मावळणारा सूर्य, मुलगा सिअ‍ॅटलला, नवरा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये पहाटेच्या शिफ्टला, म्हणून नऊला झोपणारा. पहिल्या रात्री आठ वाजता हात आपोआप फोनकडे गेला. फोन हातात घेतला आणि पुढे काय करायचं ते कळेना. मग टीव्ही लावला.

मालिकेचं नाव सांगत नाही. तुमच्यातल्या निम्म्या जणांनी ती पाहिली आहे आणि उरलेले निम्मे ‘आम्ही असलं पाहत नाही’ असं म्हणत पाहून झाले आहेत. जुनी, घरगुती, कित्येक शे भागांची. तिच्यात एक सासूबाई आहेत. कुणीही घरात शिरलं की त्या स्वयंपाकघरातून विचारतात, ‘जेवलीस का गं?’ पहिल्यांदा ते वाक्य ऐकलं तेव्हा मला इतकं बरं वाटलं की काय सांगू! कुकरची शिट्टी, उंबऱ्यावरची रांगोळी, वयस्कर बाईचा जरासा चिरका आवाज. आमचं घर मराठीच आहे, पण मला ‘अगं’ म्हणणारं कुणी त्यात नव्हतं.

भाग बावीस मिनिटांचा. रात्री आठ ते एक म्हणजे पाच तास, तेरा भाग. एकदा मी सहज हिशोब केला. आमच्या तरुणपणी ‘महाभारत’ दर रविवारी सकाळी लागायचं. १९८८ ते १९९०, ९४ भाग, जवळजवळ दोन वर्षं. तेवढे भाग मी जानेवारीत एका आठवड्यात संपवत होते. आणि ‘महाभारता’च्या वेळी रविवार ते रविवार आठवडाभर आम्ही त्यावर बोलायचो, भांडायचो, नकला करायचो. या मालिकेबद्दल मी कुणाशी एक शब्द बोलले नव्हते. कालच्या तेरा भागांत काय झालं, हेही मला धड सांगता आलं नसतं.

हे माझं एकटीचंच नाही, हे नंतर वाचनात आलं. मेलबर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. तीच मालिका काहींनी एका बैठकीत पाहिली, काहींनी रोज एक भाग, काहींनी आठवड्याला एक. एका बैठकीत पाहणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त आठवत होतं. पण पुढच्या काही महिन्यांत सगळ्यात जास्त विसरले तेही तेच. आणि इतरांच्या मानाने त्यांना मजाही कमी आली होती.

मग आपण थांबत का नाही? एक तर आपल्याला थांबू देण्यात कुणाचा फायदा नाही. पूर्वी भाग संपला की नावं यायची, संगीत वाजायचं, कुणीतरी उठून दिवा लावायचं. ती फट २०१२ साली नेटफ्लिक्सने बुजवली. एक भाग संपता संपता पुढचा आपोआप सुरू होऊ लागला. मग इतरांनीही तेच केलं. २०१७ साली नेटफ्लिक्सच्या प्रमुखांनी, रीड हेस्टिंग्ज यांनी, आमची स्पर्धा झोपेशी आहे अशा अर्थाचं विधान उघडपणे केलं होतं. दुसरं म्हणजे, मालिका लिहिणारी माणसं हुशार असतात. भागाच्या शेवटी दार उघडतं, बाई वळते, तिचा चेहरा तीन बाजूंनी दाखवतात, आणि भाग संपतो. दारात कोण आहे, हे कळल्याशिवाय कुणाला झोप येणार?

तिसरं कारण मात्र आपल्यातच आहे. रॉबर्ट क्यूबी आणि मिहाय चिक्सेंटमिहाय या दोन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना पेजर देऊन, दिवसात अवचित कधीही ‘आत्ता काय करताय, कसं वाटतंय?’ असं विचारलं. टीव्ही पाहताना माणसं सैलावलेली, शांत असायची. टीव्ही बंद केला की तो सैलपणा लगेच जायचा. मागे उरायची ती मरगळ. म्हणजे बंद करण्याची शिक्षा ताबडतोब, आणि सुरू ठेवण्याचं बक्षीसही ताबडतोब. रात्री एक वाजता रिमोट हातात घेऊन बसलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. स्क्रीन काळी झाली की तिच्यात आपलाच चेहरा दिसतो. मला तो पाहायचा नव्हता.

झोपेचं तर विचारूच नका. दीडला अंथरुणावर पडायचं आणि डोक्यात ती सून, ती सासू, ते कोर्टाचं कागदपत्र फिरत राहायचं. बेल्जियममध्ये १८ ते २५ वयाच्या ४२३ तरुणांची पाहणी झाली होती. तीही २०१७ साली प्रसिद्ध झाली. जे जास्त वेळा असा फडशा पाडत, त्यांची झोप वाईट, थकवा जास्त. आणि मन झोपायच्या वेळी जागंच राहतं, हे त्यामागचं एक कारण दिसलं. माझं वय त्यांच्या दुपटीहून जास्त, पण लक्षणं तीच. ऑफिसात एका पुरवठादाराचं एकच बिल मी दोनदा चुकतं केलं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

आणि आता ती गोष्ट, जी लिहायला मला सगळ्यात जड जातं आहे.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी गेले नाही. ‘बरं नाही’ असं ग्रुपवर टाकलं. दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, दारावरची बेल वाजली. फोनवर दाराचा कॅमेरा दिसतो. माझी मैत्रीण उभी होती, तीच, जिच्याबरोबर गेली वीस वर्षं मी गणपतीचे मोदक वळते. हातात स्टीलचा डबा, त्यावर वाणाची पिशवी, नाकाचा शेंडा थंडीनं लाल. मी टीव्हीचा आवाज बंद केला आणि श्वास रोखून बसले. दारापर्यंत सहा पावलं. ती दोन-तीन मिनिटं उभी राहिली, मग डबा पायरीवर ठेवून वाकून त्यावर रुमाल झाकला आणि गेली. मी आवाज पुन्हा लावला. मालिकेतल्या सासूबाई कुणाला तरी विचारत होत्या, ‘जेवलीस का गं?’

१९५६ साली हॉर्टन आणि वोल या दोन अभ्यासकांनी टीव्हीवरच्या माणसांशी जडणाऱ्या या एकतर्फी नात्याबद्दल लिहून ठेवलं आहे. पडद्यावरचं माणूस जवळचं वाटतं, आपल्याशीच बोलतं असं वाटतं. पण त्याला आपण असल्याचं ठाऊकही नसतं. त्या सासूबाईंना मी जेवले की नाही, हे कधीच कळणार नव्हतं. जिला कळायला हवं होतं, ती दारात थंडीत उभी होती आणि मी दार उघडलं नाही. पडद्यामागचा कढीपत्ता मेलेला दिसला तो त्याच आठवड्यात. मी त्या पाचोळ्यात बसून रडले. आईसाठी इथे आल्यानंतर पहिल्यांदा.

मार्चमध्ये वार्षिक तपासणी होती. नर्सनं एक कागद हातात दिला. तुम्हीही भरला असेल. बहुतेक जण बाकी फॉर्मांसारखाच फटाफट भरून टाकतात. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल. कशात रस वाटतो का? उदास वाटतं का? झोप? थकवा? भूक? लक्ष लागतं का? प्रत्येकाला शून्य ते तीन. यापूर्वी दर वर्षी मी शून्यांची माळ लावून परत द्यायचे. या वेळी खरं लिहिलं. बेरीज चौदा झाली. दहाच्या पुढे गेलं की डॉक्टर सहसा थांबून विचारतात. नवव्या प्रश्नाला, म्हणजे जगू नये असं वाटतं का, याला मी शून्य लिहू शकले. ज्यांना तिथे शून्य लिहिता येत नाही, त्यांनी तपासणीची वाट पाहू नये. इथे ९८८ हा नंबर दिवसरात्र चालतो, फोन करा किंवा मेसेज पाठवा.

डॉक्टरांनी मला एका काउन्सेलरकडे पाठवलं. मी अपराधी चेहऱ्यानं म्हटलं, ‘मला टीव्हीचं व्यसन लागलंय.’ मला वाटलं होतं, ती तास मोजायला सांगेल. तिनं तास विचारलेच नाहीत. म्हणाली, ‘एक आठवडा फक्त एवढं लिहा, की बटण दाबण्याच्या आधीच्या मिनिटात तुम्ही काय करत होतात आणि कसं वाटत होतं.’

सात दिवसांची माझी वही अशी होती: सोमवार, ७:५५, भांडी झाली, घड्याळ पाहिलं. मंगळवार, ७:५०, फोन चार्जिंगला लावला, पुण्यात उजाडलं असेल. बुधवार, ८:०२... पुढचं तुम्हाला कळलं असेल. सातही दिवस. मी मालिकेपुढे बसत नव्हते, मी आठ वाजण्यापासून पळत होते.

आपण मालिकांबद्दल बोलतो तेव्हा तासांबद्दल बोलतो, मुलांना ओरडतो तेव्हाही तासच मोजतो. यात संशोधकही सावध असतात. जास्त टीव्ही आणि उदासी बरोबर दिसतात, पण टीव्हीनं उदासी आली की उदास माणूस टीव्हीपुढे जाऊन बसला, हे नुसत्या आकड्यांवरून ठरत नाही. माझ्या बाबतीत आधी दुःख आलं, मालिका नंतर. पण मालिकेनं ते दुःख हलकं केलं नाही. तिनं त्याला तीन महिने खोलीबाहेर थांबवलं आणि त्या तीन महिन्यांत झोप, काम, मैत्रीण, झाड, एकेक काढून घेतलं. म्हणून माझं सांगणं एवढंच, की आपण किती पाहतो यापेक्षा, आपण ती कोणत्या मिनिटाला लावतो, तेवढं एकदा बघा. शिशिरातल्या एखाद्या शनिवारी चार मैत्रिणी चिवड्याचा डबा घेऊन सहा भाग पाहत, पात्रांना नावं ठेवत बसल्या, तर ते औषधच आहे. प्रश्न आहे तो रोज त्याच वेळी, एकट्यानं, आवाज बारीक करून पाहण्याचा.

मी काय केलं, तेही सांगते. उपयोग झाला तर बघा. सेटिंगमध्ये जाऊन ‘पुढचा भाग आपोआप’ बंद केलं. ती सोय असते, फक्त शोधावी लागते. भाग शेवटापर्यंत न पाहता मधेच, म्हणजे दारात कोण होतं हे कळून गेल्यावर, आणि पुढचं दार उघडायच्या आत थांबायला शिकले. हे दिसतं त्यापेक्षा सोपं आहे. आणि काउन्सेलरच्या सांगण्यावरून आठ वाजता पंधरा मिनिटं काहीही न लावता नुसती बसले. पहिल्या आठवड्यात रोज रडले. नवरा झोपेतून उठून आला आणि काही न बोलता शेजारी बसला. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, ‘तू टीव्हीसमोर असायचीस, तेव्हा मला वाटायचं तुला बरं वाटतंय. म्हणून मी काही बोललो नाही.’ घरातल्या घरात ही अशी चुकामूक.

दुसऱ्या आठवड्यात मी पुण्याला मावशीला फोन केला. आईची धाकटी बहीण, पंच्याहत्तरीची. आठ वाजताच केला. घड्याळ तोपर्यंत पुढे गेलं होतं, तिथे साडेसहा. ‘इतक्या पहाटे गं?’ म्हणाली, आणि मग थोडा वेळ दोघीही गप्प. मग ती म्हणाली, ‘ताई याच वेळेला चहा टाकायची ना तुझ्यासाठी?’ तिला सगळं माहीत होतं. आता सोमवार आणि गुरुवार तिचे. ती ‘जेवलीस का’ विचारत नाही. ती तिच्या मालिकेची गोष्ट सांगते, रोज एकच भाग पाहते आणि तो मला पंचवीस मिनिटं सांगते. मूळ भागापेक्षा तिचाच भाग मोठा.

आणि मैत्रीण. मी तिच्या घरी तो स्टीलचा डबा घेऊन गेले. रिकामा डबा परत द्यायचा नाही म्हणून त्यात नारळाच्या वड्या होत्या. म्हटलं, ‘त्या दिवशी मी घरातच होते.’ ती म्हणाली, ‘माहितीये. खिडकीत टीव्हीचा उजेड हलत होता. म्हणून तर डबा ठेवून गेले.’ निघताना तिनं तिच्या कढीपत्त्याच्या बुंध्यापाशी फुटलेलं एक पिल्लू मुळासकट काढून कागदात बांधून दिलं.

ते आता वीतभर झालं आहे, नऊ पानं. थंडी सुरू झाली म्हणून परवाच घरात घेतलं. टीव्हीच्या पुढ्यातच ठेवलंय. उजव्या कोपऱ्यातलं थोडं दिसत नाही, चालतं.

येत्या हिवाळ्यात तुमच्यातही कुणाचे तरी आठ रिकामे झाले असतील. कुणाचं आई-वडिलांमुळे, कुणाचं मूल कॉलेजला गेलं म्हणून, कुणाचा जोडीदार. बेल वाजवून कुणी दार उघडलं नाही, तर रागावू नका. डबा ठेवून या. आणि तुम्हीच आत बसला असाल, तर सहा पावलं असतात. उठा.

काकांनी फ्रिजवरचा तो लेख काढू नये. त्यातलं ‘काचेपासून दोन हात’ अगदी खरं आहे.

सगळ्यांना दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा!